फासळीची कमान

लष्करात बाड्यावरून पतंगाचा कागद आणून मी पहिलं विमान केलं, तेव्हा पंखाच्या फासळ्या खऱ्या विमानासारख्या, पोटात जाड कापल्या. हॉलमधले छताचे पंखे बंद करून सोडलं, तर सरळ दारापाशी आपटलं. दोन आठवड्यांची मेहनत! बंद हॉलमधलं विमान जेमतेम माणसाच्या चालीनं उडतं. तिथे जाडीनं नुसतं वजन वाढतं. फासळी हवी बारीक, कमानदार. कागद फक्त वरून.

कमान किती? पंखाची रुंदी १०० मिमी, मधला उंचवटा ५ मिमी धरा. रुंदीच्या वर्गाला उंचवट्याच्या आठपटीनं भागा, त्यात निम्मा उंचवटा मिळवा : २५० + २.५ = २५२.५ मिमी त्रिज्या. एवढा कंपास कुणाकडे असतो? दोरा ताणला जातो, म्हणून मी पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन भोकं पाडली. साचा १ मिमी जाडीच्या बाल्सावर ठेवून ब्लेड फिरवा, साचा १ मिमी मागे सरकवा, पुन्हा फिरवा. झाली फासळी.

टोकाकडे पंख ८० मिमीच रुंद. तिथे तीच फासळी दोन्हीकडून सारखी छाटली की उंचवटा ३.२ मिमी, म्हणजे ५ ऐवजी ४ टक्के राहतो. चालतं. मी उगाच वेगळा साचा करत बसलो होतो!

रविवारी हॉल मिळाला तर नवं विमान सोडू. पंख्यांच्या बटणांपाशी कुणीतरी उभं राहा.