लष्करी क्वार्टरमध्ये एकाहून अधिक पाळीव प्राणी
वाचकांचे प्रश्न : कायदा आणि पैसा

प्रश्न : महाराष्ट्रातील एका छावणीत, दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या हवालदाराच्या कुटुंबाकडे एक लॅब्रॅडॉर, रस्त्यावरून आणलेली एक देशी कुत्री आणि एक मांजर आहे. एका क्वार्टरमध्ये दोनपेक्षा जास्त प्राणी ठेवता येत नाहीत, असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. अशी मर्यादा कायद्यात आहे का? सोसायटीला प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, मग लष्कराला कशी घालता येते?

उत्तर : घरात किती कुत्री-मांजरे असावीत, याचा आकडा कोणत्याही केंद्रीय कायद्यात दिलेला नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याला संख्येशी कर्तव्य नाही, निगेशी आहे. काही महापालिकांनी स्वतःपुरता आकडा ठरवला आहे. गाझियाबादने २०२२मध्ये एका कुटुंबाला एकच कुत्रा, असा नियम केला. मात्र आकडा नाही म्हणजे मोकळे रान आहे, असेही नाही. पुण्यात हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याची तक्रार २०२५मध्ये झाली. तिथे कारवाई सुरू झाली ती दुर्गंधी आणि शेजाऱ्यांना होणारा त्रास यांवरून.

सोसायटीशी केलेली तुलना इथे फार उपयोगाची नाही. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितले. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१मध्ये रहिवासी संघटनांच्या अशा अटी अवैध ठरवल्या. पण या सूचना आणि हा निकाल फ्लॅटधारक आणि त्यांच्या संघटना यांच्याबद्दल आहेत. सोसायटीतला माणूस आपल्या मालकीच्या किंवा भाड्याच्या घरात राहतो. क्वार्टर सरकारी मालमत्ता आहे. ती वाटपात मिळाली म्हणून भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. मिळते ती राहण्याची परवानगी, आणि तीही पोस्टिंग असेपर्यंत. पगारातून कापल्या जाणाऱ्या रकमेला भाडे न म्हणता लायसन्स फी म्हणतात ते यामुळेच. परवानगी देणाऱ्याला अटी घालता येतात. मुदत संपल्यावर किंवा वाटप रद्द झाल्यावर क्वार्टर सोडली नाही, तर १९७१च्या सार्वजनिक जागांवरील अनधिकृत भोगवटादारांबाबतच्या कायद्याने बाहेर काढता येते.

शिवाय आर्मी अॅक्ट, १९५० आहेच. त्याच्या कलम ४२मध्ये सर्वसाधारण किंवा स्थानिक आदेश पाळण्यात हयगय करणे हा गुन्हा आहे, आणि स्टेशन हेडक्वार्टरचा आदेश हा स्थानिक आदेशच होय. घरातली मंडळी या कायद्याखाली येत नाहीत, हवालदार येतो. मांजर कोणी आणले हा प्रश्न घरापुरता राहतो, उत्तर द्यायला उभा राहतो तो ज्याच्या नावे क्वार्टर आहे तो.

पण मुळात आदेश आहे का, आणि असल्यास त्याचे शब्द काय आहेत, हे आधी पाहावे. शेजाऱ्यांचे म्हणणे म्हणजे आदेश नव्हे. स्टेशन स्टँडिंग ऑर्डरची प्रत युनिटच्या कार्यालयात पाहायला मिळते. मर्यादा फक्त कुत्र्यांना असेल तर मांजर त्यात मोजले जात नाही. मर्यादा खरोखर सर्व प्राण्यांना असेल, तर कंपनी कमांडरमार्फत कमांडिंग ऑफिसरकडे (सीओ) आणि तेथून स्टेशन हेडक्वार्टरकडे लेखी अर्ज करावा. प्राणी कधीपासून आहेत, लसीकरण, नसबंदी आणि खालच्या-वरच्या बिऱ्हाडांची लेखी संमती, एवढे अर्जाला जोडावे. आहेत ते प्राणी या पोस्टिंगपुरते राहू द्यावेत, नवा आणला जाणार नाही, अशी मागणी मान्य करणे अधिकाऱ्यालाही सोपे जाते. आर्मी अॅक्टच्या कलम २६खाली गाऱ्हाणे मांडण्याची वाट खुली असते, मात्र एका मांजरासाठी ती धरण्यात शहाणपण नाही.

अर्ज फेटाळला गेला, तर जास्तीचा प्राणी गेटबाहेर सोडून देणे हा उपाय होऊ शकत नाही. उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६०च्या कायद्यातील कलम ११खालचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, आणि तो हास्यास्पद आहे. गणवेशातल्या माणसाला खरा घोर असतो तो पोलिसांचे पत्र युनिटमध्ये येण्याचा.

प्रश्न : क्वार्टर सरकारी असली तरी कुत्र्यांची नोंदणी करावी लागते का? कुठे? पायरीवर रोज भाकरी खाणारी भटकी कुत्री कोणाची धरली जातात?

उत्तर : नोंदणी करावी लागते. ती कुठे करायची, हे तळ कोणत्या हद्दीत आहे यावर ठरते. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी अशा सात छावण्या आहेत. तिथे कॅन्टोन्मेंट्स अॅक्ट, २००६खालच्या उपविधींप्रमाणे कुत्र्याची नोंद कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे होते. छावणीबाहेरच्या तळावर संबंधित महापालिकेचा परवाना लागतो. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिका तो देतात. कागदपत्रांत रेबीजच्या लशीचे चालू प्रमाणपत्र सगळ्यात महत्त्वाचे. प्रत्येक कुत्र्याची नोंद वेगळी, बिल्ला वेगळा. दोघांची मिळून एक नोंद होत नाही.

छावणीत गोंधळ होतो तो बोर्ड आणि स्टेशन हेडक्वार्टर या दोन खिडक्यांचा. तळाचे प्रमुख लष्करी अधिकारी हेच बोर्डाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, त्यामुळे एकीकडे नोंद झाली की दुसरीकडे कळलेच, असा समज होतो. बोर्डाचा बिल्ला म्हणजे क्वार्टरमध्ये प्राणी ठेवण्याची परवानगी नव्हे, आणि युनिटची परवानगी म्हणजे नोंदणी नव्हे.

पायरीवरच्या कुत्र्यांचे उत्तर २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत आहे. रस्त्यावर किंवा आवारात राहणारे, कोणाच्याही मालकीचे नसलेले कुत्रे ‘सामुदायिक प्राणी’ ठरते. भाकरी घातली म्हणून कोणी त्याचा मालक होत नाही. पण तेच कुत्रे घरात झोपू लागले, त्याला पट्टा बांधला, त्याच्या नावाने नोंद केली, की लस, नसबंदी आणि चावल्यास जबाबदारी हे सगळे घराकडे येते. वसाहतीत प्राण्यांची संख्या वाढते ती बहुधा अशीच, पायरीवरून उंबऱ्याच्या आत. प्रश्नातली देशी कुत्री लॅब्रॅडॉरइतकीच घरातली आहे आणि तिची नोंद राहिली असेल तर ती आधी करावी.

जातीवरून अडवणूक होत असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींबद्दलचे केंद्राचे १२ मार्च २०२४चे पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केले. मात्र शहराचा किंवा तळाचा स्वतंत्र नियम असू शकतो, आणि लॅब्रॅडॉर केंद्राच्या यादीत कधीच नव्हता.

प्रश्न : नवरा फील्डमध्ये असताना कुत्र्याने शेजारच्या मुलाला चावा घेतला तर गुन्हा कोणावर?

उत्तर : भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१प्रमाणे ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने माणसाला इजा होऊ नये एवढी काळजी घ्यायची असते. निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे महत्त्व ताब्याला आहे, बिल्ल्यावरच्या नावाला नाही. नवरा फील्डमध्ये आणि पट्टा बायकोच्या हातात असेल तर प्रश्न तिला विचारला जाईल. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. दोन कुत्री एकदम खाली नेली आणि एक सुटले, तर ‘दोन हातांत दोन होती’ हा बचाव होत नाही, उलट निष्काळजीपणाचाच पुरावा ठरू शकतो. एकट्या माणसाने एका वेळी एकच कुत्रे फिरवावे. दुसऱ्याला दिवसभर साखळीला ठेवणेही चालत नाही. सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तो १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे.

चावा बसल्यास जखम पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुऊन मुलाला लगेच तळावरच्या दवाखान्यात (एमआय रूम) न्यावे आणि कुत्र्याचे लसीकरणाचे कागद सोबत द्यावेत. कुत्र्याला लस असली तरी मुलाला लस द्यायची की नाही, हे डॉक्टरने ठरवायचे, मालकाने नव्हे. काही सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या श्वान विम्यात तिऱ्हाइताच्या इजेची जबाबदारी धरलेली असते. विमा घेताना हे कलम आहे का आणि किती रकमेपर्यंत, एवढे वाचावे, कुत्र्याच्या किमतीचा आकडा त्यापुढे गौण आहे.

शेजाऱ्यालाही कायदा लागू आहे तो असा, की त्रास होतो म्हणून विष घालणे किंवा प्राण्याला जायबंदी करणे हा संहितेच्या कलम ३२५खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

प्रश्न : बदलीची ऑर्डर आली की तीन प्राण्यांचा खर्च किती धरावा?

उत्तर : पहिला खर्च जुन्या क्वार्टरमध्येच होतो. क्वार्टर सोडताना, म्हणजे मार्चिंग आउटच्या वेळी, एमईएसचा (मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस) माणूस राहायला येतानाच्या, म्हणजे मार्चिंग इनच्या यादीवरून एकेक खोली पाहतो. मांजराने फाडलेली डासांची जाळी, दाराच्या खालच्या फळीवरचे नखांचे ओरखडे, बाल्कनीच्या फरशीत मुरलेले डाग, हे सगळे बॅरक डॅमेजेसमध्ये लागते आणि पगारातून वसूल होते. राहायला येतानाच दारे-जाळ्यांचे फोटो काढून यादीवर नोंद करून घेतलेली असेल, तर आधीच्या बिऱ्हाडाच्या कुत्र्याची भरपाई आपल्या माथी येत नाही. जाळी आणि पॉलिश स्वतः करून घेणे बहुधा स्वस्त पडते.

दुसरा खर्च प्रवासाचा. रेल्वेत मोठ्या कुत्र्याला दोनच जागा आहेत. एक एसी फर्स्टची, तीही पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्याच नावावर असेल तर. दुसरी गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्सची, जिचे बुकिंग पार्सल ऑफिसात होते. हवालदाराचा हक्क एसी थ्री टियरचा, त्यामुळे एसी फर्स्टचा फरक खिशातून जातो, आणि चार्ट लागेपर्यंत कूपे मिळेल याची खात्री नसते. डॉग बॉक्स स्वस्त आहे. पण ती लोखंडी पेटी एप्रिल-मेमध्ये भुसावळ-इटारसीच्या पट्ट्यात कशी तापते, हे पाहिलेला माणूस त्यात दोन दिवसांसाठी लॅब्रॅडॉर ठेवणार नाही. पाणी पाजायला प्रत्येक मोठ्या स्टेशनवर उतरून गार्डच्या डब्यापर्यंत धावावे लागते. विमानांत इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. एअर इंडिया आणि अकासा घेतात, पण केबिनमध्ये वजनाची मर्यादा असल्याने मांजर बसते आणि लॅब्रॅडॉर खाली सामानाच्या भागात जातो. उरतो रस्ता. तिन्ही प्राण्यांना एकत्र नेण्याचा तो एकच खात्रीचा मार्ग आहे, आणि गाडी भाड्याने घ्यावी लागली तर सर्वांत महागडाही.

तिसरी बाब पैशांची नाही, पण हिशेब तिच्यावरच ठरतो. फील्डची पोस्टिंग आली की कुटुंब सोबत जात नाही. ते एसएफ (सेपरेटेड फॅमिली) क्वार्टरमध्ये राहते किंवा गावी जाते. एसएफ क्वार्टर दुसऱ्या तळावर मिळाली तर तिथला आदेश वेगळा, शहर वेगळे, महापालिकेची मर्यादा वेगळी. आज तीन प्राणी चालतात म्हणून पुढच्या ठिकाणी चालतीलच, असे नाही. म्हणून दुसरा प्राणी घरात येण्यापूर्वीच, आणि तिसरा येण्यापूर्वी तर नक्कीच, गरज पडल्यास त्याला वर्षा-दोन वर्षांसाठी कोण सांभाळणार, त्याचे नाव ठरलेले असावे. ते नाव नसेल, तर आकडा कायद्यात बसला तरी घरात बसत नाही.

प्रश्न : पोपट, कासव आणि कुत्रीची पिल्ले यांचे काय?

उत्तर : हिरवा देशी पोपट आणि स्टार कासव पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तळाच्या परवानगीने त्यात फरक पडत नाही. बजरीगर आणि कॉकाटील हे परदेशी पक्षी चालतात. आफ्रिकन ग्रे पोपटाची मात्र २०२४च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

कुत्रीची पिल्ले नात्यागोत्यात देता येतात. पैसे घेऊन विकायची असतील, तर २०१७चे श्वान प्रजनन व विपणन नियम लागतात, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. सरकारी क्वार्टरमधून असा व्यवसाय चालवला, तर वाटपाच्या अटींचा भंग होण्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. नसबंदी त्यापेक्षा सोपी, आणि स्टेशन हेडक्वार्टरला द्यायच्या अर्जातही तिचे प्रमाणपत्र उपयोगी पडते.