रिपोर्टातला आकडा आणि नसांची झीज

हातातली शक्ती कमी होते आहे, पण मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, फारसं दुखतही नाही, अशी तक्रार घरात कुणी केली तर ती मानेच्या मणक्यावर ढकलून मोकळे होऊ नका. आमच्या दादाचं हेच झालं, म्हणून लिहितो आहे.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीत दादाच्या उजव्या हातानं कात्री दाबली जाईना. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो खोल गेला होता, आणि स्वस्थ बसलेला असतानाही दंडाचं मांस बारीक बारीक लवत होतं. नाशिकला एमआरआय काढला, त्यात मानेतली चकती सरकलेली दिसली. पन्नाशीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये ती पुष्कळदा दिसते, तिचा त्रास असो वा नसो. मग पट्टा, मानेला ताण, गोळ्या, आणि शेवटी ऑपरेशनची तारीख. तेवढ्यात दादाची जीभ जड झाली. गावच्या डॉक्टरांनी तिथंच अडवलं. मानेच्या दुखण्यानं बोलणं अडखळत नाही, म्हणाले, आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा. ईएमजी (स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी) झाली आणि आजाराचं नाव कळलं: एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज.

यानंतरचा धोका मला जास्त मोठा वाटतो. 'बुडत्याला काडीचा आधार' ही म्हण ठाऊक असलेली माणसं बाजारात बसलेली असतात. एका केंद्रानं रक्ताची 'न्यूरोफिलामेंट' तपासणी करायला लावली. आकडा वाढलेला आला. तो दाखवून सांगण्यात आलं की नसा तुटताहेत, स्टेम सेल सोडल्या की आकडा उतरेल. खर्च काही लाखांचा.

आम्ही तो कागद घेऊन आमच्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी जे समजावलं ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवं. चेतापेशीचा लांब तंतू मेंदूपासून पाठीच्या कण्यापर्यंत किंवा कण्यापासून पार पायाच्या बोटापर्यंत जातो. त्याच्या आत न्यूरोफिलामेंट नावाच्या प्रथिनांचे धागे असतात. द्राक्षाच्या मांडवातल्या तारांसारखे ते तंतूला ताठ ठेवतात, त्याची जाडी टिकवतात, आणि तंतू जितका जाड तितका संदेश वेगानं धावतो. तंतू मोडला की हे प्रथिन बाहेर सांडतं, मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात उतरतं आणि त्यातलं अगदी थोडं रक्तात येतं. ते मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

म्हणजे आकडा खोटा नव्हता. एएलएसमध्ये तो बराच चढतो, आणि जितका जास्त तितका आजार वेगानं पुढे सरकण्याची शक्यता अधिक. पण मोडतोड किती, एवढंच तो सांगतो. कशामुळे, ते सांगत नाही. पक्षाघात, डोक्याला मार, मल्टिपल स्क्लेरोसिस, काही प्रकारचा स्मृतिभ्रंश, सगळ्यांत तो वाढतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात ज्या जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, त्या आजारातही तो वाढतो, आणि त्यातले बहुतेक रुग्ण बरे होतात. वयाबरोबर तो आपोआप चढतो, मूत्रपिंड अधू असलं तरी चढतो. नुसत्या आकड्यावर उपचार ठरवू पाहणाऱ्याचं ऐकू नये.

या प्रथिनाचा खरा उपयोगही सांगायला हवा. २०२३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं टोफरसेन या औषधाला त्वरित मान्यता दिली, ती रुग्णांच्या रक्तातलं न्यूरोफिलामेंट उतरलं या आधारावर. पण ते एसओडी१ या जनुकात दोष असलेल्यांसाठीच आहे. असे रुग्ण शंभरात दोनच्या आसपास. म्हणून जनुकांची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, विशेषतः घराण्यात आधी कुणाला हा आजार झाला असेल तर.

स्टेम सेलबद्दल स्पष्टच लिहितो. एएलएस त्यानं बरा होतो असा पुरावा नाही, आणि आयसीएमआरनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत चाचणीबाहेर असे उपचार विकायला मनाई केली आहे. दादाच्या कामी आलं ते वेगळंच: रिल्युझोलची गोळी (ती आयुष्य थोडंच वाढवते, पण वाढवते), रात्री श्वासाला मदत करणारं बायपॅपचं यंत्र, आणि गिळताना ठसका लागू लागल्यावर वेळेत बसवलेली पोटातली नळी. श्वासाची ताकद फार खालावण्याआधी नळी बसवलेली बरी, हे आम्हाला फार उपयोगी पडलं. यंत्र आणि नळीबद्दल डॉक्टरांना लवकर विचारा, अभद्र वाटलं तरी विचारा.

आणि एएलएस हे नाव लगेच स्वीकारू नका. बी-१२ ची कमतरता, मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी यांसारखे काही आजार तसेच भासतात, आणि त्यांवर इलाज आहे. दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचं मत घ्या. केईएम, निम्हान्ससारख्या मोठ्या संस्थेत कागद दाखवून या.

कुणी नवा उपचार सुचवला, तर त्याचा क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक लेखी मागा. नुसती नोंदणी म्हणजे गुणाची हमी नव्हे, म्हणून तो क्रमांक आपल्या डॉक्टरांना दाखवा. स्टेम सेलच्या खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले तर तिथून उठा.