संकरित मोटार आणि इंधनाचा हिशेब : नाशिकच्या रस्त्यांच्या संदर्भात

१९७३ साली खनिज तेलाच्या किमती जगभर भडकल्या, तेव्हा इंधनाची काटकसर हा प्रथमच सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. १९७८ मध्ये पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली आणि वाहनचालकांना काटकसरीचे धडे देण्याचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले. त्यानंतर इंजिने सुधारली, रस्ते रुंदावले. परंतु देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आजही बाहेरूनच आणावे लागते. अशा स्थितीत पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी संकरित मोटार, म्हणजे बोलीभाषेतील 'हायब्रिड' गाडी, शहरांतून व तालुक्याच्या गावांतून दिसू लागली आहे. गाडी घेतली की बचत आपोआप होते, असा मात्र एक समज तिच्याबरोबरच पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे.

नाशिकपुरते बोलावयाचे तर या तंत्राशी जिल्ह्याचा संबंध केवळ ग्राहकाचा नाही. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ नाशिकच्या महिंद्र कारखान्यात तयार झाली आणि जुलै २०१६ मध्ये याच गाडीला सौम्य संकरित यंत्रणेची जोड देण्यात आली. गाडी थांबली की इंजिन बंद करणे आणि वेग कमी होताना थोडी वीज साठविणे, एवढेच या यंत्रणेचे काम होते. इंधनात ७ टक्क्यांपर्यंत बचत होते, असे कंपनीचे म्हणणे होते. एप्रिल २०१७ पासून केंद्र शासनाने अशा सौम्य संकरित वाहनांना 'फेम' योजनेच्या सवलतीतून वगळले. सौम्य व पूर्ण संकरित वाहनांतील हा भेद ग्राहकानेही लक्षात ठेवावयास हवा. कारण गाडीच्या मागे 'हायब्रिड' ही अक्षरे दोन्हींवर सारखीच झळकतात.

पूर्ण संकरित मोटार केवळ विजेवरही काही अंतर धावू शकते. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आलेली टोयोटाची प्रियस ही या वर्गातील मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेली पहिली मोटार. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड व्हिटाराच्या पूर्ण संकरित प्रकारासाठी लिटरला २७.९७ किलोमीटर, तर इनोव्हा हायक्रॉससाठी २३.२४ किलोमीटर असे प्रमाणित आकडे जाहीर झाले. हे आकडे प्रयोगशाळेतील रुळांवर, वातानुकूलन बंद ठेवून, ठरावीक वेगक्रमाने घेतलेल्या चाचणीचे असतात आणि त्या चाचणीत कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. रस्त्यावर तेवढा आकडा आला नाही म्हणून फसवणूक झाली असे मानण्याचे कारण नाही. पण तो आकडा आणि आपला आकडा यांतील अंतर किती असावे, हे बऱ्याच अंशी चालकाच्या हाती असते.

विजेचा उगम कोठे?

ज्यांना कसारा घाट रेल्वेने चढण्याचा अनुभव आहे, त्यांना या मोटारीचे तत्त्व चटकन समजेल. घाटाच्या १ : ३७ च्या चढावर गाडी चढविण्यासाठी कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडली जात आली आहेत, इगतपुरीस ती सोडली जातात. सबंध प्रवासासाठी अवजड इंजिन वाहून नेण्यापेक्षा चढापुरती मदत घेणे किफायतीचे ठरते. संकरित मोटारीतील विद्युत मोटार हेच काम करते. ती सुटताना व चढावर पेट्रोल इंजिनाला हात देते, त्यामुळे इंजिन आकाराने बेताचे व किफायतशीर ठेवता येते. शिवाय उतारावर किंवा थांबताना तीच मोटार जनित्र बनते आणि एरव्ही ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी शक्ती बॅटरीत भरते.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. या मोटारीला बाहेरून वीज भरण्याची सोय नसते. तिच्यातील विजेचा प्रत्येक कण शेवटी पेट्रोलमधूनच आलेला असतो. ब्रेकमधून परत मिळालेली वीज ही वाचविलेली वीज होय. इंजिन चालवून बॅटरीत भरलेली वीज मात्र विकत घेतलेली आणि महाग पडलेली असते. जनित्रात, बॅटरीत व पुन्हा मोटारीत प्रत्येक ठिकाणी दहा टक्के घट धरली, तरी शंभरातील जेमतेम ७३ भाग चाकापर्यंत पोहोचतात. म्हणून केवळ विजेवर गाडी रेटण्याचा अट्टहास धरणारा चालक पुष्कळदा तोट्यात जातो. गाडी रांगत नेऊन तो बॅटरी संपवितो आणि मग ती भरण्यासाठी इंजिनाला दुप्पट राबावे लागते. नव्या मालकांत ही चूक इतकी सर्रास आढळते की, प्रथम तीच सांगणे आवश्यक वाटते.

योग्य रीत याच्या जवळजवळ उलट आहे. सिग्नल सुटल्यावर मध्यम जोमाने, म्हणजे धक्का न देता पण रेंगाळतही न राहता, हवा तो वेग गाठावा. पेट्रोल इंजिन मध्यम भारावर सर्वांत किफायतीने चालते. अगदी हलक्या भारावर ते खातेच अधिक. वेग गाठल्यावर अॅक्सिलरेटरवरील पाय किंचित सैल करावा. इंजिन बंद होते, मोटार तोच वेग राखते. वेग उतरला की पुन्हा इंजिनाला काम द्यावे. सपाट रस्त्यावर, मागील वाहनांचा खोळंबा न करता, ही लय चार-आठ दिवसांत पायात बसते.

शहरातील वाहतूक

द्वारका चौक, मुंबई नाका, पाथर्डी फाटा किंवा सातपूर-अंबडचे कारखाने सुटण्याची वेळ, या ठिकाणी साध्या मोटारीचा चालक हताश होतो. संकरित मोटारीचे खरे माहेर तेच. ती थांबली की इंजिन बंद, रांग सरकली की विजेवर पुढे. २०२७ च्या सिंहस्थासारख्या गर्दीत, जेथे वाहने तासन्‌तास रांगतात, तेथे हा फरक सर्वाधिक जाणवणार. मात्र विजेवर चालणारी गाडी जवळजवळ निःशब्द असते. पंचवटीतील गल्ल्यांत किंवा शाळेच्या फाटकापुढे पादचाऱ्यांना तिची चाहूल लागत नाही, हे भान चालकानेच ठेवावे.

शहरात सर्वांत मोठी कमाई ब्रेकच्या पायात आहे. लाल दिवा दुरून दिसताच पाय उचलावा आणि ब्रेक लवकर व हळुवार लावावा. असे केल्यास वेगाची बरीच शक्ती मोटारीमार्फत बॅटरीत जाते. ऐनवेळी जोरात ब्रेक दाबला, तर मोटारीला एवढी शक्ती एकदम सामावून घेता येत नाही. उरलेली नेहमीच्या ब्रेकमध्ये जळून जाते. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची जुनी सवयही सोडावी. बऱ्याच संकरित गाड्यांत न्यूट्रलमध्ये बॅटरी भरली जात नाही. गिअर चालू स्थितीत ठेवून पाय ब्रेकवर ठेवणे पुरेसे असते.

लहान फेऱ्या हा या गाडीचा शत्रू आहे. थंड इंजिन तापेपर्यंत, गरज नसतानाही, चालूच राहते. निफाड परिसरातील डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तर हा काळ आणखी लांबतो. पंचायत समिती, बँक व शाळा अशी तीन कामे तीन वेळा गाडी काढून करण्यापेक्षा एकाच फेरीत आटोपली, तर दुसऱ्या व तिसऱ्या थांब्यापर्यंत इंजिन गरम राहते. थंडीत टायरमधील हवाही कमी होते : तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले की दाब एक पौंडाने घटतो. मे महिन्यात भरलेल्या हवेवर जानेवारी काढणाऱ्याने गाडीच्या कंपनीला दोष देऊ नये.

घाट व महामार्ग

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. दीड टन वजनाची मोटार मुंबईहून एवढी उंच आणण्यासाठीच, निव्वळ चढाचा हिशेब करता, पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जादा लागते. जाताना 'अॅव्हरेज' उत्तम आणि येताना वाईट, याचे कारण यात आहे. तेव्हा हिशेब नेहमी जाऊन-येऊन मिळून करावा.

या चढाचे पैसे उतरताना परत मिळतात काय? थोडे मिळतात. इगतपुरी ते कसारा हा उतार सुमारे ३०० मीटरचा. दीड टनाच्या गाडीची त्यातील स्थितिज ऊर्जा सव्वा युनिट विजेइतकी भरते. घाटरस्ता आठ-नऊ किलोमीटरचा धरला, तर चाकांचे घर्षण व हवेचा अडथळा यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास खर्च होते आणि रूपांतरातील घट वजा जाता अर्धे युनिट हाती राहते. परंतु या वर्गातील लहान गाड्यांची बॅटरी पाऊण युनिटाच्या आसपास क्षमतेची असते आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून गाडीची यंत्रणा तिचा मधला काही भागच वापरू देते. म्हणजे घाट संपण्याआधीच बॅटरी भरते.

हा मुद्दा केवळ काटकसरीचा नसून सुरक्षिततेचा आहे. बॅटरी भरली की मोटारीचा रोध कमी होतो आणि गाडी थांबविण्याचा सारा भार नेहमीच्या ब्रेकवर येऊ लागतो. आतापर्यंत हळुवार दाबाने आवरली जाणारी गाडी तशी आवरत नाही, असे चालकाला अर्ध्या घाटात वाटू शकते. अशा वेळी ब्रेक सतत दाबून तापविण्याऐवजी इंजिनाचा रोध वापरावा. काही गाड्यांच्या गिअरच्या दांडीवर यासाठी 'बी' अशी खूण असते. तेथे पेट्रोल न जाळता इंजिन फिरविले जाते व त्याच्या ओढीने वेग आटोक्यात राहतो. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. सपाटीवर मात्र 'बी' लावून ठेवू नये, तेथे ती नुकसानच करते. आणि पेट्रोल वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा तर शुद्ध अविचार होय. त्यात इंजिनाचा रोधही जातो आणि भरू शकणारी वीजही.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळण्याची सोय झाली. वेळेची बचत मोठी आहे. इंधनाची बचत मात्र वेगावर अवलंबून राहील. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० किलोमीटरवर गेल्यास तो सव्वादोन पट होतो. अशा एकसुरी वेगवान प्रवासात ब्रेक लागत नाहीत, म्हणून परत मिळविण्याजोगी शक्तीही नसते आणि संकरित मोटार जवळजवळ साध्या मोटारीसारखी वागते. ताशी ८०-९० च्या वेगात तिचा गुण टिकतो.

काही किरकोळ पण उपयुक्त बाबी

काही गाड्यांत बॅटरीला थंड हवा पुरविणारी जाळी मागच्या आसनाजवळ असते. तिच्यावर पिशव्या किंवा दप्तरे रचू नयेत. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात ये-जा करणाऱ्यांनी तर ती अधूनमधून साफ करून घ्यावी. कांद्याची सालपटे व धूळ कोठे शिरेल याचा नेम नसतो. बॅटरी तापली की यंत्रणा तिचा वापर आखडता घेते आणि इंजिन अधिक चालते.

उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू करताना प्रथम काचा उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी व मग वातानुकूलन लावावे. या गाड्यांत ते विजेवर चालते, म्हणजे गाडी उभी असतानाही बॅटरी संपविते आणि इंजिन मधूनच सुरू होते.

अॅव्हरेज मोजताना पडद्यावरील आकड्यावर विसंबू नये. एकाच पंपावर टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत आणि तीन-चार भरण्यांची सरासरी काढावी. शासकीय वाहनांची नोंदवही नीट भरली, तर तिच्यातून हे आयतेच मिळते. जुन्या नोंदींशी तुलना करताना २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही विचार करावा. इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने, निव्वळ उष्णतेच्या हिशेबाने लिटरमागे ६ ते ७ टक्के शक्ती कमी मिळते. हा फरक चालकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

राहता राहिला प्रश्न पैशांचा. वर्षाला १५,००० किलोमीटर धावणाऱ्या साध्या गाडीला लिटरला १६ च्या हिशेबाने सुमारे ९३८ लिटर पेट्रोल लागेल. संकरित गाडी २३ देत असेल तर ६५२ लिटर. लिटरला १०५ रुपये धरल्यास वर्षाकाठी ३०,००० रुपये वाचतात. खरेदीच्या किमतीतील फरक दोन लाखांचा असेल, तर तो भरून निघण्यास साडेसहा ते सात वर्षे लागतील. पण तीच गाडी चुकीच्या सवयींनी १८ वर आली, तर बचत ११,००० रुपयांवर उतरते आणि मुदत अठरा वर्षांवर जाते. ज्यांचा बहुतेक प्रवास नाशिक शहरात व आसपासच्या गर्दीच्या रस्त्यांवर आहे, त्यांना ही गाडी परवडते. ज्यांचा दौरा मुख्यतः मोकळ्या महामार्गावर आहे, त्यांनी कार्यालयासाठी असो वा घरासाठी, आपल्या मागील वर्षाच्या नोंदी समोर ठेवून हाच हिशेब आपल्या आकड्यांनी मांडावा व मगच खरेदीचा निर्णय घ्यावा.