पाच हजार एकावं पान

भाची: मामा, आमच्या ग्रंथालयाच्या साइटवर दोन लाख पुस्तकांची यादी आहे. पहिलं पान पटकन येतं, मागची पानं मात्र रखडतात. असं का?

मामा: एका पानावर किती पुस्तकं?

भाची: वीस. नव्याने दाखल झालेली आधी.

मामा: म्हणजे ५००१व्या पानासाठी तुझी क्वेरी म्हणते, ऑफसेट १,००,०००, लिमिट २०. पोस्टग्रेस आहे ना? मग त्याच क्वेरीला पुढे 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' लावून चालव.

भाची: थांब हं... 'लिमिट'पुढे २० ओळी दिसतायत. आणि खाली 'इंडेक्स स्कॅन'पुढे १,००,०२०!

मामा: हेच तुझं दुखणं. वीस ओळी दाखवायला एक लाख वीस वाचल्या आणि एक लाख टाकून दिल्या. ऑफसेट म्हणजे उडी नव्हे गं, डेटाबेस एकेक ओळ मोजतच तिथवर जातो.

भाची: पण तारखेवर इंडेक्स आहे की!

मामा: इंडेक्स मूल्य शोधतो, कितवं ते नाही. बोइंगमध्ये काम करताना बायर आणि मॅक्राइट यांनी १९७०च्या सुमारास बी-ट्री मांडला, तुझा इंडेक्स म्हणजे तोच. त्यात नोंदी क्रमाने असतात आणि प्रत्येक पायरीवर शेकडो फाटे फुटतात, म्हणून लाखो नोंदींतली हवी ती तीन-चार पायऱ्यांत सापडते. पण कुठल्या फाट्याखाली किती नोंदी आहेत, हे पोस्टग्रेस त्यात लिहून ठेवत नाही. मग 'एक लाखावी कोणती' हे कसं सांगणार?

भाची: मग विचारायचं कसं?

मामा: पानावरच्या शेवटच्या पुस्तकाची दाखल तारीख आणि आयडी जवळ ठेव. पुढच्या वेळी म्हण, 'या जोडीच्या आधीची वीस दे.' इंडेक्सही याच दोन कॉलमवर, याच क्रमाने. आयडी हवाच. एका दिवशी पन्नास पुस्तकं दाखल झाली, तर नुसत्या तारखेवर त्यातली काही गळतील. शिवाय कुणी यादी चाळत असताना नवं पुस्तक आलं, तरी जुनं पुढच्या पानावर पुन्हा दिसत नाही. ऑफसेटमध्ये तेही होतं.

भाची: पण थेट ५००१व्या पानावर जाता येणार नाही.

मामा: नाही, तेवढं सोडावं लागतं आणि मला विचारशील तर खुशाल सोडावं. वाचकाला लेखक हवा असतो, विषय हवा असतो. पानाचा आकडा कुणाला हवाय? लेखक निवडायची सोय दे. त्यासाठीच्या इंडेक्समध्ये आधी लेखक, मग तारीख, मग आयडी.

भाची: आणि वर 'एकूण पुस्तकं' लिहिलंय ते?

मामा: ते दर पानाला मोजू नकोस. पोस्टग्रेसकडे तयार आकडा नसतो. एकाच वेळी अनेकांचे व्यवहार चालू असतात, त्यामुळे कुठली ओळ कुणाला दिसायची हे मोजताना तपासावं लागतं. रात्री एकदा मोजून आकडा ठेवून दे. पुढचं पान आहे की नाही एवढंच कळायला हवं असेल, तर विसाऐवजी एकवीस ओळी मागव. एकविसावी आली तर 'पुढे'चं बटण दाखव, ती ओळ मात्र छापू नकोस.