मर्यादित खात्यावरून प्रोग्राम चालविणें

संगणकाच्या वर्गांत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. आम्हांला दिलेल्या खात्यावर अमुक प्रोग्राम चालत नाहीं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड दिला असता तर काय बिघडलें असतें? या प्रश्नाचा आम्ही येथें थोडा विचार करूं.

प्रोग्रामला सामान्यतः स्वतःचा असा अधिकार नसतो. जो मनुष्य तो सुरू करितो, त्याच्या खात्याचा अधिकार घेऊन तो वावरतो. म्हणून ॲडमिनिस्ट्रेटरच्या पूर्ण अधिकारानें एखादा क्षुल्लक खेळ जरी चालविला, तरी त्याच्या हातीं साऱ्या यंत्राच्या किल्ल्या जातात. खेळाच्या पोटांत कोणी दुष्टानें कांहीं लपविलें असेल, तर त्यालाही त्याच किल्ल्या मिळतात. प्रत्येकास कामापुरताच अधिकार असावा, हें तत्त्व सॉल्ट्झर व श्रोडर या दोन विद्वानांनीं १९७५ सालच्या आपल्या निबंधांत स्पष्टपणें मांडिलें आहे.

परंतु कामापुरता म्हणजे किती? युनिक्समधील एक उदाहरण मोठें बोधप्रद आहे. सर्वांच्या पासवर्डांची फाइल रूट या मुख्य खात्यावांचून कोणासही बदलतां येत नाहीं. आणि आपला पासवर्ड तर प्रत्येकाला बदलतां आला पाहिजे! डेनिस रिची यांनीं यावर अशी तोड काढिली कीं, ठराविक प्रोग्राम चालविणाऱ्याच्या नव्हे, तर प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकारानें चालावा. या युक्तीचें अमेरिकन पेटंट त्यांना १९७९ सालीं मिळालें.

विंडोजची कथा निराळी. २००१ सालच्या एक्सपीमध्यें प्रथम उघडलेलीं खातीं ॲडमिनिस्ट्रेटरचींच असत. त्यामुळें प्रोग्राम लिहिणारांसही तीच संवय जडली. खेळांतील गुण आपल्या खात्याच्या फोल्डरांत न ठेवतां ते थेट ‘प्रोग्राम फाइल्स’मध्यें लिहीत, आणि मर्यादित खात्यावर तो खेळ अडे. पुढें व्हिस्टामध्यें अशा जुन्या प्रोग्रामांचें लिखाण गुपचूप वापरणाराच्याच ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरांत वळविण्याची सोय झाली. मौज अशी कीं, त्यामुळें एकाच यंत्रावरील दोन विद्यार्थ्यांना एकाच खेळाचे गुण निरनिराळे दिसूं लागतात.

तेव्हां प्रोग्राम अडला, तर अडचण बसविण्याची आहे कीं चालविण्याची, हें प्रथम पाहावें. पुष्कळांना अधिकार लागतो तो बसवितांनाच. कांहीं तर, व्यवस्थापकाची मनाई नसल्यास, आपल्याच खात्याच्या फोल्डरांत बसवितां येतात. चालवितांना अडत असल्यास कोणती फाइल नाकारली जाते, हें ‘प्रोसेस मॉनिटर’ या साधनानें व्यवस्थापकास शोधतां येतें. मग तेवढ्या एका फोल्डरापुरती लिहिण्याची परवानगी दिली कीं बहुधा भागतें. पासवर्ड वाटीत सुटण्यापेक्षां हा उपाय, आमच्या मतें, कितीतरी शहाणपणाचा होय.

मात्र मर्यादित खातें म्हणजे अभेद्य कवच नव्हे. आपले निबंध व चित्रें आपल्याला पुसतां येतात. अर्थात् आपण चालविलेल्या दुष्ट प्रोग्रामलाही तीं पुसतां येतात. त्यांची एक प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवणें भागच आहे. तसेंच प्रिंटरचा नवा ड्रायव्हर बसविणें किंवा डिस्कचे भाग पाडणें या कामांत साऱ्या यंत्राचाच संबंध येतो. तेथें व्यवस्थापकालाच बोलवावें लागतें.