किती निघालं, ते आधी विचारा

खंबाटकीच्या अर्ध्या चढावर डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा, किटलीच्या आकाराचा लाल दिवा लागला, आणि मी थांबलो नाही. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. मागच्या सीटवर आई होती, अंधार पडत आला होता. माथ्यावर पोचलो की बघू, असं म्हणत दोनेक किलोमीटर गाडी तशीच रेटली. माथ्यावर पोचेपर्यंत इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले होते. बॉनेट उघडून डिपस्टिक काढली, तर टोकाला थेंबभरही ऑइल नव्हतं. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा ड्रेन नट वाटेत कुठेतरी गळून पडला होता.

क्रँकची बेअरिंग गेली, इंजिन खोलावं लागलं. साताऱ्याच्या मिस्त्रींनी चेंबर हातात घेऊन दाखवला. “आटे गेलेत, भाऊ. टेप गुंडाळून नट बसवला होता कुणीतरी.” मग उलगडा झाला. टेप लावली गेली त्याच्या आदल्या सर्व्हिसिंगला एका गॅरेजात पोरानं पान्याला पाइप लावून नट आवळताना मी पाहिलं होतं. घट्ट बसला म्हणून मला बरंही वाटलं होतं. पण चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा आणि नट पोलादाचा. जास्त जोर लावला की आधी जातात ते चेंबरचे आटे. पुढच्या वेळी ते कुणाच्या तरी लक्षात आलं असणार, पण मला न सांगता टेप गुंडाळून वेळ मारून नेली गेली.

या धसक्यानं मी ठरवलं, खालच्या नटाला आता हातच लावू द्यायचा नाही. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये पंपानं ऑइल काढत होते. डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी आत सोडायची आणि गरम ऑइल वरच्या वर ओढून घ्यायचं. गाडी उचलायला नको, नट उघडायला नको, फरशीवर थेंब नाही. वीस मिनिटांत काम झालं. नवीन ऑइलचा साडेतीन लिटरचा डबा अख्खा ओतला गेला. चार दिवसांनी सकाळी गाडी सुरू करताना निळसर धूर दिसला. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत ऑइलचा ओलावा. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर होती.

माझ्या गाडीत फिल्टरसह ३.१ लिटर ऑइल लागतं. म्हणजे डबाच मुळात जास्तीचा होता, आणि त्यात तळाशी उरलेल्या जुन्या ऑइलची भर पडली. पातळी अशी चढली की फिरणारा क्रँक ऑइलवर आपटतो आणि त्याचा फेस होतो. फेसाळलेल्या ऑइलला बेअरिंगपर्यंत धड दाब मिळत नाही, सीलवर ताण येतो. म्हणजे कमी ऑइल आणि जास्त ऑइल दोन्ही शेवटी बेअरिंगच्याच मुळावर येतात. मिस्त्रींनी जादा ऑइल काढलं तेही पंपानंच, दहा मिनिटांत. तेव्हा कळलं, दोष पंपाचा नव्हता. किती निघालं हे कुणी मोजलंच नव्हतं.

पुढच्या सर्व्हिसिंगला मी मिस्त्रींना विनंती केली: आधी पंप लावा, मग नट उघडा, दोन्ही वेळा मापात धरू. पंपानं अडीच लिटर निघालं. नळी नुसती हवा ओढू लागल्यावर नट उघडला, तर आणखी जवळजवळ ४०० मिलि आलं, आणि त्यातलं शेवटचं दाट, काळंकुट्ट. उरलेलं फिल्टरमध्ये होतं. हा हिशेब माझ्या गाडीचा. चेंबरचा आकार आणि नळी कुठे टेकते यावर तो प्रत्येक इंजिनात बदलतो. मर्सिडीजच्या बऱ्याच इंजिनांत नळी थेट तळाला पोचते आणि पंपानं ऑइल काढणं तिथे रीतसर मान्य आहे. उलट काही गाड्यांना डिपस्टिकच नसते.

आता मी स्वतःपुरतं असं ठरवलं आहे. गाडी जुनी असेल, आधीच्या सर्व्हिसिंगची खात्री नसेल, तर नट उघडूनच ऑइल काढायचं. तळाचा गाळ त्या वाटेनंच निघतो. धातूचा चुरा किंवा कूलंट मिसळल्याचा दुधी रंगही तिथे नजरेला पडतो. सर्व्हिसिंग वेळेवर होत असेल, फिल्टर वरच्या बाजूला असेल आणि नळी तळापर्यंत पोचत असेल, तर पंप चांगला. फिल्टर खालीच असेल तर गाडी उचलावी लागतेच, मग नट टाळून फारसं काही वाचत नाही.

नट उघडणार असाल तर इंजिन कोमट असू द्या. कडकडीत गरम ऑइलनं हात भाजतो. गाडी नुसत्या जॅकवर असताना कुणालाही खाली जाऊ देऊ नका, खाली पक्के स्टँड हवेतच. नवा वायसर आग्रहानं मागा. नट आधी बोटांनी फिरवून आट्यांत नीट बसू द्या आणि शेवटी टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळा. आटे गेले असतील तर टेप नको. आटे नव्यानं पाडून घ्या नाहीतर चेंबर बदला.

पद्धत कुठलीही असो, निघालेलं ऑइल मोजा. नवीन ऑइल थोडं कमीच घाला, गाडी सपाट जागी ठेवून इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. मग डिपस्टिक पाहा आणि लागेल तसं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली डाग आहे का ते पाहा. आणि लाल किटली दिसली, तर सुरक्षित जागा पाहून इंजिन त्याच क्षणी बंद करा. माथा कितीही जवळ दिसला तरी.

निघालेल्या काळ्या ऑइलचीही विचारपूस करा. २०१६च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. तो गटारात जाऊ नये, आणि वाळवीसाठी लाकडाला फासायलाही घरी नेऊ नये. जे गॅरेज तो साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देतं, तिथेच गाडी द्या.

माझ्या गाडीच्या वहीत आता प्रत्येक सर्व्हिसिंगपुढे दोन आकडे असतात: किती निघालं, किती घातलं. ते लिहायचे म्हणून मी काम संपेपर्यंत गाडीजवळ उभा राहतो. पाइप लावून नट आवळला जात होता त्या दिवशीही मी तिथेच उभा होतो, पण काय विचारावं हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ते ठाऊक असावं, म्हणून हे लिहिलं.