कात्रजच्या घाटातला दात



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजीबरोबर कात्रजच्या घाटाकडे गेले होते. तिथे कोसळलेल्या काळ्या दगडांत एक पांढरा तुकडा दिसला. हुबेहूब दाढच! मी तो उपटून घरी आणला, घासून चकचकीत केला आणि आळीभर सांगत सुटले, "मला आदिमानवाचा दात सापडला!"

शाळा उघडल्यावर तो गुरुजींना दाखवला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "हा कसल्या दगडातून निघाला? आणि नेमका कोणत्या जागेवरून?" पहिल्याचे उत्तर मी दिले, "काळ्या दगडातून." दुसऱ्याचे मात्र देता येईना. जागा काही आठवेना.

गुरुजी म्हणाले, "बाळ, आपल्या घाटाचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दोन पायांवर चालणारे माणसाचे पूर्वज आफ्रिकेत दिसू लागले ते साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. मग त्यांचा दात या दगडात कसा शिरेल?" माझा दात म्हणजे दगडाच्या पोकळीत वाढलेला स्फटिक होता. सगळा वर्ग हसला. मला रडूच आले. पण त्या दिवशी जे कळले ते आता तुम्हांला सांगते.

मेलेल्या प्राण्याचे हाड उघड्यावर राहिले तर कोल्हीकुत्री खातात, ऊनपावसाने त्याचा भुगा होतो. पण पुराच्या गाळाखाली ते लवकर गाडले गेले, तर हळूहळू त्यात क्षार भरतात आणि ते दगडासारखे कठीण होते. त्याला जीवाश्म म्हणतात. म्हणून शास्त्रज्ञ आदिमानवाची हाडे लाव्हाच्या डोंगरात शोधत नाहीत. ते नदीचा आणि तळ्याचा जुना गाळ किंवा गुहा धुंडाळतात. इथिओपियात १९७४ साली 'ल्युसी' नावाचा सुमारे बत्तीस लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला, तोही अशाच जुन्या गाळाच्या थरांत.

आपल्या देशातली गोष्ट आणखी नवलाची आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा गावाजवळ एका कवटीचा भाग सापडला. गोटे आणि वाळू घट्ट बसून झालेल्या थरात ती होती. नर्मदेच्या अशा थरांत हत्ती, पाणघोडे, रानबैल यांचीही हाडे मिळतात. भारतात आदिमानवाची इतकी जुनी कवटी दुसरी मिळालेली नाही. सोनकियांनी तिला 'होमो इरेक्टस' या जातीची म्हटले. पुढे इतरांनी ती आपल्याच जातीच्या जुन्या रूपाची ठरवली. तिच्या वयाबद्दलही एकमत नाही. कारण नदी जुनी हाडे उकरून नव्या गाळात नेऊन टाकते. म्हणून हाडाइतकाच त्याचा थरही महत्त्वाचा.

आपल्या महाराष्ट्रात हाडांपेक्षा हत्यारेच जास्त बोलतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी प्रवरा, गोदावरी या नद्यांच्या काठाने पायपीट करून आदिमानवाची दगडी हत्यारे गोळा केली. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी गाव आहे. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याजवळ दगडी कुऱ्हाडी मिळाल्या. राखेचे वय काढले की हत्यारांचे वय कळते. काही शास्त्रज्ञ ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची मानतात. काहींच्या मते ती लाखो वर्षे जुनी आहे. कुऱ्हाडी मिळाल्या, पण त्या घडवणाऱ्याचे हाड काही तिथे मिळाले नाही.

म्हणजे काम अजून शिल्लक आहे! कोण जाणे, ते हाड तुमच्या मामाच्या गावच्या नदीकाठीही असेल.

आता पालकांना माझी हात जोडून विनंती. नदीकाठी वाळू काढताना, विहीर खणताना जड, दगडासारखे हाड किंवा घडवल्यासारखा दगड दिसला तर तो उपटू नका, घासू नका. जागेवरच ठेवा, खूण करा, किती खोल होता ते लिहून ठेवा आणि शाळेत गुरुजींना कळवा. गुरुजी जाणकारांना कळवतील. जागा हरवली की अर्धी माहिती गेली. माझेच बघा ना! माझा तो दात खरा असता, तरी मी काय सांगितले असते?

तो स्फटिक आता वर्गाच्या कपाटात आहे. खाली चिठ्ठी लावली आहे, "हा दात नव्हे."

सांगा पाहू :
१. घाटातल्या काळ्या दगडात आदिमानवाचे हाड का मिळत नाही?
२. हथनोऱ्याची कवटी कोणत्या साली मिळाली?
३. तुम्हांला असे हाड दिसले तर आधी काय कराल?

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी